रस्त्याच्या कागदावरचे शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल आजच्या दिवशी मी मागच्या खोलीत चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा कार्यकारिणीने मला इथे पुढे आणून उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. विषय मात्र मीच मागून घेतला. का मागून घेतला ते आधी सांगते, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

तुम्हाला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या गल्लीच्या तोंडाशीच बसचा थांबा होता. नुसता खांब आणि त्यावर पाटी. छप्पर नाही, बाकडे नाही. एके दिवशी दुपारी एक तरुण मुलगा कागद घेऊन दारात आला. कागदावर लिहिले होते, ‘मार्गावरील थांब्यांचे सुसूत्रीकरण करण्यास आमची हरकत नाही.’ मी विचारले, "म्हणजे थांबा नीट करणार ना?" तो म्हणाला, "हो काकू, सगळे नीटच होणार." मला वाटले, आता छप्पर येणार, बाकडे येणार. मी सही केली. एवढेच नव्हे, मुलगा उन्हात हिंडतो आहे म्हणून त्याला माठातले पाणी दिले आणि शेजारच्या अकरा घरच्या सह्या मीच आणून दिल्या.

पाडवा झाला आणि एके सकाळी पाहते तो खांबच नाही. सुसूत्रीकरण म्हणजे काय ते तेव्हा कळले. जवळजवळ असलेले दोन थांबे मोडून एक करायचा, हे त्या लांबलचक शब्दाचे पोट. आपला थांबा पेट्रोल पंपापाशी नेऊन जोडला होता. आमच्या दारापासून जुना थांबा नव्वद पावले होता, नवा चारशे साठ पावले आहे. मी मोजली आहेत. सासूबाई दर मंगळवारी गुडघ्याच्या शेकासाठी दवाखान्यात जात. काही दिवस त्या चालत गेल्या, मग रिक्षाने गेल्या, मग रिक्षाचे पैसे जड वाटू लागले आणि "आता बरे आहे गं" म्हणत त्यांनी जाणेच सोडले. बरे नव्हते, हे मला दिसत होते. आणि त्या कागदावर पहिली सही माझी होती, हे मी त्यांना सांगितले नव्हते. परवा रात्री सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझ्याशी काय बोलतेस, सगळ्यांसमोर बोल." आज त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत.

त्या मुलाने मला फसवले असे मी म्हणत नाही. थांबे कमी करण्यामागे विचार असतो. बस प्रत्येक थांब्यावर थांबते, माणसे चढतात-उतरतात, पुन्हा रहदारीत शिरायला वाट पाहते. थांबे फार जवळ असले तर गाडी नुसती रांगते, आणि आत बसलेल्या पन्नास माणसांचा वेळ जातो. म्हणून शहरात दोन थांब्यांमध्ये साधारण तीनशे ते पाचशे मीटर अंतर ठेवावे असे धरतात. पण दोनांतला कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे दवाखान्याला जाणाऱ्या बायकांना विचारून ठरवता आले असते. शब्द कळला असता तर मी तेवढे तरी बोलले असते.

आता पुन्हा कागद आला आहे, आणि या वेळी तो मोठा आहे. आपल्या पुढच्या हमरस्त्यावर बससाठी वेगळी वाट आणि कडेने सायकलचा रस्ता होणार आहे. त्याचे नकाशे क्षेत्रीय कार्यालयात जिन्याजवळच्या भिंतीवर लावले आहेत. मी मुलीला घेऊन तीनदा जाऊन आले. एकही शब्द धड कळेना, म्हणून दुधाच्या हिशेबाच्या वहीत शब्द उतरवून घेतले. तिथे एक इंजिनिअरबाई आहेत, त्यांनी स्वतःचा डबा बाजूला ठेवून मला समजावून दिले. काही मुलीने शोधून वाचून दाखवले. ते आज सांगते.

पहिला शब्द आरओडब्ल्यू. नकाशाच्या डोक्यावर ‘२४ मी. आरओडब्ल्यू’ असे लिहिले आहे. मुलीने लांब करून सांगितले, राईट ऑफ वे. मला वाटले, कोणी आधी जायचे त्याचा हक्क. तसे नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रस्त्याच्या मालकीची जेवढी जागा, फूटपाथ, गटार, झाडे सगळे धरून, ती आरओडब्ल्यू. गाड्या चालतात तेवढा डांबरी भाग म्हणजे कॅरेजवे. वर्तमानपत्रात ‘रस्ता रुंद होणार’ असे आले की विचारायचे, आरओडब्ल्यू वाढते आहे की नुसता कॅरेजवे? नुसता कॅरेजवे वाढत असेल तर ती जागा कुठून तरी काढलेली असते, आणि बहुतेक वेळा ती फूटपाथची असते.

दुसरे क्रॉस सेक्शन. अळूवडीचा उंडा सुरीने कापला की आतले पदर दिसतात ना, तसा रस्ता आडवा कापून दाखवलेले चित्र. डावीकडून पहिला पदर फूटपाथ, मग सायकल, मग झाडे, मग मोटारी, मग बस. प्रत्येक पदराखाली रुंदी मीटरमध्ये लिहिलेली असते. सगळा नकाशा कळला नाही तरी चालेल, हे एक चित्र पाहावे. आपल्या वाट्याला काय आले ते त्यात दिसते.

आता बीआरटी. हा शब्द सगळ्यांनी ऐकला आहे, आणि माझे माहेर पुण्याचे असल्याने मी तर फारच ऐकला आहे. बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बसला आगगाडीसारखी स्वतःची मोकळी वाट देऊन वेगाने नेण्याची पद्धत. आपल्या पंगतीत वाढप्यांसाठी दोन पंगतींच्या मधे वाट सोडतात. त्या वाटेत कोणी पाट मांडून बसले, तर बसणाऱ्या एकाची सोय होते आणि चाळीस पानांवर भात पोचत नाही. बसची मार्गिका ही तशी वाढप्याची वाट आहे. ती रिकामी दिसते म्हणून लोक चिडतात, "एवढी जागा फुकट पडली आहे." पण एक भरलेली बस दोन-तीन मोटारींच्या जागेत साठ माणसे नेते, हे मोटारीत बसलेल्या माणसाला दिसत नाही.

ही कल्पना ब्राझील देशातल्या कुरितिबा शहराने १९७४ साली अमलात आणली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात २००० साली ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. आपल्या देशात पहिला प्रयोग पुण्यात झाला, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज ते स्वारगेट आणि स्वारगेट ते हडपसर. माझी धाकटी बहीण तेव्हा हडपसरला जाई. ती सांगे, मार्गिका कुठे आहे कुठे नाही, मधेच दुचाक्या घुसतात, आणि रस्त्याच्या मधल्या थांब्यापर्यंत पोचायचे म्हणजे पदर खोचून धावायचे. अहमदाबादला २००९ साली सुरू झाली ती पुष्कळ नीट बसली. दिल्लीत २००८ साली केली आणि २०१६ साली उखडून टाकली. म्हणजे नाव एकच, पण कुठे धड झाली, कुठे अर्धी, कुठे मोडली. म्हणून ‘बीआरटी होणार’ एवढ्यावर हुरळून जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. तिचे जे अवयव असतात, ते सगळे कागदावर आहेत का ते पाहावे.

ते अवयव असे. एक, स्वतंत्र मार्गिका. ती रस्त्याच्या मधून असली तर मीडियन लेन म्हणतात, कडेने असली तर कर्बसाइड लेन. कडेने असली की आपल्याला चढायला सोपी, पण तिथे रिक्षा, भाजीची गाडी, दुकानाचा टेम्पो उभा राहतो आणि मार्गिका नावापुरती उरते. मधून असली की गाडी मोकळी धावते, पण आपल्याला प्रत्येक वेळी अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. आपल्या नकाशात ती मधून आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला यावरच जास्त बोलायचे आहे. दुसरा अवयव म्हणजे तिकीट गाडीत न काढता थांब्यावरच काढायचे. त्याला ऑफ बोर्ड तिकीट म्हणतात. कंडक्टरशी सुट्या पैशांवरून वाद होतो तेवढ्यात बस सुटलेली असते, तो वेळ वाचतो. तिसरा लेव्हल बोर्डिंग, म्हणजे फलाट आणि गाडीची जमीन एका उंचीवर.

या तिसऱ्याबद्दल थोडे थांबते. बसची जमीन रस्त्यापासून किती उंच, यावरून तिच्या जाती आहेत. लो फ्लोअर ४०० मिलिमीटर, सेमी लो फ्लोअर ६५०, आणि उंच जमिनीची ९००. शिवणाच्या टेपने पाहा, चाळीस सेंटिमीटर, पासष्ट आणि नव्वद. नव्वद म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढी! म्हणून त्या गाडीत पायऱ्या असतात, आणि एका हातात पिशवी, एका हातात निऱ्या धरून त्या चढताना मागून लोक "चला, चला" म्हणतात. काही लो फ्लोअर गाड्या थांब्यावर उंटासारख्या एका बाजूला खाली बसतात, त्याला नीलिंग म्हणतात. मधल्या मार्गिकेत उंच फलाट असला तर ९००ची गाडीही चालते, पाऊल सरळ आत पडते. पण उंच फलाट एका जागी आणि उंच गाडी साध्या थांब्यावर, असे झाले तर आपली फजिती. तेव्हा विचारायचे, फलाट किती उंच आणि येणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच उंचीच्या का?

हेडवे हा शब्द मला फार आवडला. एक गाडी गेल्यावर दुसरी येईपर्यंत जेवढी मिनिटे, तो हेडवे. तासाला चार गाड्या म्हणजे पंधरा मिनिटांचा हेडवे. कागदावर ‘तासाला चार’ लिहिलेले असते आणि आपण पाऊण तास उभ्या असतो, मग दोन-तीन एकदम येतात. मला वाटे, ड्रायव्हर चहाला बसले असतील. तसे नसते म्हणे. पहिल्या गाडीला कुठे सिग्नलला उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात. त्यांना चढवताना आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला थांबे रिकामे मिळतात, ती भराभर येऊन पहिलीला गाठते. याला बंचिंग म्हणतात, घोस लागणे म्हणा. म्हणून ‘तासाला किती’ एवढेच न विचारता ‘दोन गाड्यांत किती मिनिटे, आणि ती पाळली जातात हे कोण पाहणार’ असे विचारावे. बिचाऱ्या ड्रायव्हरांना मी इतकी वर्षे मनात बोल लावले, ते परत घेते.

बस बे आणि बस बल्ब हे जोडशब्द आहेत. बे म्हणजे फूटपाथला खोबण पाडून बसला आत घेणे. दिसायला छान, पण बस आत गेली की बाहेर पडायला तिला कोणी वाट देत नाही, म्हणून ड्रायव्हर आत शिरतच नाही आणि आपण रस्त्यात उतरून चढतो. बल्ब त्याच्या उलट. फूटपाथच थोडा पुढे काढायचा, बस आपल्या ओळीतच थांबते आणि माणसांना उभे राहायला जागा होते. फीडर म्हणजे गल्लीबोळांतून माणसे गोळा करून मोठ्या मार्गावर आणून सोडणारी लहान बस. आपल्या नकाशात फीडर आहे, एका ठिपक्यांच्या रेघेने दाखवला आहे. ठिपक्यांची रेघ म्हणजे ‘प्रस्तावित’, आणि प्रस्तावित म्हणजे अजून काही नाही.

आता सायकल. एकेकाळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. माझे वडील चाळीस वर्षे सायकलवर कामाला गेले, आणि आईला पुढच्या नळीवर बसवून कसे सिनेमाला नेले हे ते आम्हाला सांगत, तेव्हा आई आत निघून जाई. पुण्याच्या महापालिकेने २०१७ साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. त्या सुमारास भाड्याच्या सायकलीही रस्तोरस्ती उभ्या राहिल्या आणि थोड्या वर्षांत दिसेनाशा झाल्या. आमच्या मुलीला अकरावीला जायला सायकल हवी आहे. तिचे वडील नको म्हणतात, आणि मी दोघांच्या मधे.

म्हणून मी हे दोन शब्द नीट विचारून घेतले. सायकल लेन म्हणजे मोटारींच्याच रस्त्यावर रंगाचा पट्टा मारून दिलेली जागा. सायकल ट्रॅक म्हणजे उंचवटा, कठडा किंवा झाडांची ओळ मधे घालून वेगळी केलेली वाट. मराठी कागदात दोन्हींना ‘सायकल मार्ग’ लिहिले आहे! रंग पावसाळ्यात जातो आणि त्या पट्ट्यावर मोटारी लागतात. दोन सायकली शेजारून जायच्या तर दोन मीटर तरी रुंदी हवी. उभ्या मोटारी आणि सायकलची वाट यांत थोडी रिकामी पट्टी सोडतात, तिला बफर म्हणतात. कोणी मोटारीचे दार फाडकन उघडले तर सायकलवरचे पोर त्यावर आदळू नये म्हणून. बोलार्ड म्हणजे वाटेच्या तोंडाशी रोवलेले बुटके खांब. ते लांबलांब असले तर स्कूटर आत शिरते, फार जवळ असले तर चाकाच्या खुर्चीला वाट नाही. आपल्या नकाशात शाळेपर्यंत ट्रॅक आहे आणि शाळेपासून चौकापर्यंत, जिथे सर्वांत गर्दी, तिथे लेन आहे. मुलीचे कॉलेज चौकापलीकडे आहे.

एनएमटी असे अक्षर दिसले तर बिचकू नका. इंजिनाशिवाय चालते ते सगळे त्यात येते, पायी माणूस, सायकल, आपल्या भाजीवाल्या मावशींची हातगाडीसुद्धा. मावशींना सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग उठवतात कशाला आम्हाला?" याचे उत्तर माझ्या वहीत नाही.

राहिला रस्ता ओलांडण्याचा भाग. फूटपाथच्या कडेच्या दगडाला कर्ब म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ सालच्या नियमावलीत तो १५० मिलिमीटरहून उंच नसावा असे आहे, आणि चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर असावी. मी टेप घेऊन गेले. आपल्या दाराबाहेरचा कर्ब तेवीस सेंटिमीटर भरला, आणि डीपीबॉक्सपाशी चालायची जागा सत्तर सेंटिमीटर. समोरच्या वहिनींनी गॅलरीतून विचारले, "अहो, फूटपाथला ब्लाऊज शिवताय का?" जमिनीवर पिवळ्या उठावदार फरश्या बसवतात, त्या शोभेच्या नसतात, अंध माणसांना पायाने वाट कळावी म्हणून असतात. त्या जपानमध्ये १९६७ साली ओकायामा शहरात प्रथम बसवल्या. आपल्याकडे त्या झाडाच्या बुंध्यापर्यंत नेऊन सोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

रेफ्यूज आयलंड म्हणजे रस्त्याच्या मधोमध उभे राहून दम घ्यायची उंच जागा. टेबल टॉप म्हणजे ओलांडायची जागाच फूटपाथइतकी उंच करायची. आपण उतरत-चढत नाही, गाडीलाच चढावे लागते आणि ती हळू होते. पेलिकन सिग्नल नावाने पक्ष्यासारखा, पण तो बटण दाबून आपल्यासाठी गाड्या थांबवणारा सिग्नल आहे. त्यात किती सेकंद द्यायचे, याचा हिशेब माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून करतात. म्हणजे बारा मीटर रस्त्याला दहा सेकंद. मी गच्चीवर खडूने बारा मीटर आखून सासूबाईंना चालवले आणि मुलीने मोबाईलवर वेळ लावली. एकोणीस सेकंद लागले. दुसऱ्यांदा त्या हट्टाने भरभर चालल्या, तरी सतरा.

आणि आपला नवा थांबा रस्त्याच्या मधे होणार आहे. नकाशात तिथे ना रेफ्यूज आयलंड आहे ना टेबल टॉप. सिग्नल आहे, त्यापुढे बारा सेकंद लिहिले आहेत. इंजिनिअरबाईंना मी हे दाखवले. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहून द्या. तोंडी सांगितलेले आमच्या फाइलला लागत नाही." लिहून देण्याला ‘हरकती व सूचना’ म्हणतात. हरकत म्हणजे भांडण नव्हे. साध्या कागदावर मराठीत लिहायचे, नाव-पत्ता घालायचा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याशिवाय परत यायचे नाही.

मी कागद तयार केला आहे. त्यात चार गोष्टी आहेत. थांब्यापाशी टेबल टॉप आणि मधे थांबायला जागा द्यावी, सिग्नलला वीस सेकंद द्यावेत, चौकापर्यंत लेनऐवजी ट्रॅक करावा, आणि गल्लीच्या तोंडाचा जुना थांबा फीडरसाठी परत द्यावा. या वेळी सही मागायला मी दारोदार येणार नाही. कागद चहाच्या टेबलावर ठेवला आहे; आधी पुरता वाचा, कळले नाही तर विचारा, पटले नाही तर सही करू नका. खजिनदारबाईंना वीस सेकंद जास्त वाटतात, त्यांनी तसे शेजारी लिहिले आहे, आणि तेही ठेवू.

मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. गुरुवारी अकरा वाजता आपण क्षेत्रीय कार्यालयात जाणार आहोत. सासूबाईही येणार म्हणतात. त्यांच्यासाठी रिक्षा सांगितली आहे, तीत आणखी दोघींना जागा आहे.